वेबसाइटचा पत्ता बदलताय? जुन्या दारावर पाटी लावा

दुकान दुसऱ्या गल्लीत हलवले की आपण जुन्या शटरवर पाटी लावतो, ‘दुकान स्थलांतरित झाले आहे’. वेबसाइटचा पत्ता बदलताना मात्र ही पाटी अनेकदा राहून जाते. इंटरनेटवर तिला रीडायरेक्ट म्हणतात. जुनी लिंक उघडणारा त्यामुळे आपोआप नव्या पानावर पोहोचतो.

समजा, तुम्ही बडोद्याहून घरगुती गोडा मसाला विकता. इतर वेबसाइट्सनी तुमच्या पानाची लिंक दिली, तर गूगलच्या लेखी त्या पानाचे वजन वाढते. आता तुम्ही नाव बदलले आणि रीडायरेक्ट केले नाही, तर जुन्या लिंकवर ‘४०४’, म्हणजे ‘पान सापडले नाही’ एवढेच दिसेल. ग्राहक परत फिरेल आणि कालांतराने गूगलही ते पान यादीतून काढेल. वर्षांची कमाई वाया जाईल.

म्हणून वेबसाइट करून देणाऱ्याला या गोष्टी आवर्जून सांगा :

प्रकार योग्य निवडा : पत्ता कायमचा बदलला असेल तर ‘३०१’ रीडायरेक्ट हवे. ‘३०२’ तात्पुरत्या बदलासाठी असते.

पानाला पान जोडा : मसाल्याचे जुने पान मसाल्याच्याच नव्या पानावर न्या. सगळ्यांना मुखपृष्ठावर सोडले तर ग्राहक गोंधळतो आणि गूगलही जुने पान हरवले असे धरू शकते.

साखळी टाळा : पहिल्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे फिरवले की मोबाइलवर पान उशिरा उघडते. दोन पत्ते एकमेकांकडेच बोट दाखवत असतील, तर पान उघडतच नाही.

गूगलला कळवा : सर्च कन्सोलमध्ये ‘चेंज ऑफ अ‍ॅड्रेस’ ही सोय मोफत आहे. बदलानंतर काही आठवडे क्रमांक खाली-वर होतो, घाबरू नका.

जुने नाव सोडू नका : रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, असे गूगलच सांगते. डोमेनचे नूतनीकरण मात्र त्यानंतरही करत राहा. मुदत संपली की ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो. मग तुमच्या विश्वासावर आलेला ग्राहक अनोळखी माणसाच्या दारात उभा राहील आणि कदाचित पैसेही तिथेच भरेल.

नवा पत्ता जाहीर करण्यापूर्वी जुन्या पाच-दहा लिंक स्वतःच्या मोबाइलवर उघडून पाहा. प्रत्येक लिंक योग्य पानावर पोहोचली, तरच पाटी नीट लागली असे समजा.