दुखवट्याची सुट्टी

थोरांच्या मरणांनी आमच्या शाळेला कायम हुलकावणी दिली. पंडित नेहरू गेले २७ मे १९६४ रोजी, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीच्या उन्हाळी सुट्टीत. इंदिरा गांधींची हत्या झाली ३१ ऑक्टोबर १९८४ला. दिवाळी होऊन आठवडा झाला होता, शाळेला कुलूप होतं आणि मी पोलादपूरजवळच्या आजोळी मोडलेल्या किल्ल्याची माती परातीत भरत होतो. राजीव गांधी गेले २१ मे १९९१ला, पुन्हा सुट्टीतच. जूनमध्ये शाळा उघडल्यावर प्रार्थना संपली आणि सरांनी आम्हाला दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. बाहेर पाऊस, अंगावर नव्या रेनकोटचा वास. मागच्या रांगेत कुणीतरी नाकातून शिट्टीसारखा श्वास सोडला आणि अख्खी रांग फुटली. छड्या मिळाल्या. शिळ्या शोकासाठी त्या जरा महागच पडल्या, असं मला अजून वाटतं.

देशाचं दुःख आमच्या वर्गात खरोखर शिरलं ते कुणाच्या तरी बापाच्या वाटेने. ऑगस्ट १९९०मध्ये इराकने कुवेत गिळलं, तेव्हा आम्ही भूगोलात तिथवर पोचलोही नव्हतो. पण महाडच्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी पोरांचे वडील आखातात कामाला. वासाचे खोडरबर आणि चुंबकाचे कंपास आमच्याकडे तिथूनच यायचे. सरकारने अम्मानमार्गे विमानांनी पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं परत आणली. त्यांतले एक माझ्या मित्राचे अब्बा. एका पिशवीनिशी परतले आणि पुढे कितीतरी दिवस ओट्यावर बसून असायचे. आम्ही क्रिकेट खेळताना बॉल त्यांच्याकडे गेला तरी उठायचे नाहीत.

मग १२ मार्च १९९३, शुक्रवार. महाड-पोलादपूरकडे तेव्हा घरटी एक माणूस मुंबईला असायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हॉटेलात. दुपारी दीडच्या सुमाराला शेअर बाजारात पहिला स्फोट झाला आणि मग एअर इंडिया, प्लाझा, सेंच्युरी बाजार अशी नावं येत गेली. बळींचा आकडा २५७ झाला, तो नंतर. त्या संध्याकाळी आम्हाला फक्त सातच्या बातम्या आणि स्टँडसमोरचा एसटीडी बूथ. रांग रस्त्यावर आली होती आणि मुंबईची लाइन लागत नव्हती. रमजान चालू होता. रोजा सोडून आलेले शेजारचे चाचा आणि माझे वडील त्याच रांगेत मागेपुढे उभे होते. एकाचा भाऊ भेंडीबाजारात, दुसऱ्याचा दादरला.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा. बाईंनी हजेरी घेतली, पण नाव पुकारलं की ‘हजर’ऐवजी पोरं सांगायची, ‘लागला’ किंवा ‘नाय लागला’. बाईंनी कुणालाच टोकलं नाही. स्तब्धता पाळायला त्या दिवशी कुणी सांगितलं नाही, आणि वर्गात आवाजही नव्हता.

पुढच्या काही आठवड्यांत पेपरात आमच्याच जिल्ह्याचं नाव आलं. आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरवलं होतं. तोवर रायगड म्हणजे महाराजांची राजधानी आणि महाड म्हणजे चवदार तळं, एवढं आम्ही छातीठोकपणे सांगायचो. आता मुंबईचे पाहुणे वेगळंच विचारू लागले. वर्गातली दोन मुसलमान पोरं त्याच सुमाराला शेवटच्या बाकावर जाऊन बसली. त्यांना कुणी घालवलं नाही. कुणी परत बोलावलंही नाही, आणि त्या ‘कुणी’मध्ये मी आहे.

सप्टेंबरअखेर किल्लारीचा भूकंप झाला. आम्ही घरोघर फिरून तांदूळ आणि कपडे गोळा केले. ते काम सोपं होतं. लातूरला आमच्यापैकी कुणाचं कुणी नव्हतं.

२००५ साली मी स्वतः मुंबईचा चाकरमानी. २६ जुलै म्हटलं की देशाला सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस आठवतो. आमच्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या त्या आदल्या दिवशी, २५ला. दोनशेच्या आसपास माणसं गेली. सगळ्यांच्या नजरा मुंबईकडे होत्या आणि मी तिथे कमरेएवढ्या पाण्यात गावाकडे फोन लावत होतो. लागत नव्हता.

२ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला. नदी आमची, पण पुलाबरोबर वाहून गेलेल्या एसटीच्या दोन्ही गाड्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या, जयगडची आणि राजापूरची. रडारड तिकडच्या वाड्यांमध्ये. आमची पोरं पुलाजवळ टीव्हीवाल्यांच्या गाड्या मोजत होती, आणि त्यांना रागवावं असं मला वाटलं नाही. २२ जुलै २०२१ला तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक जीव गेले. तेव्हा प्राथमिक शाळा कोविडमुळे बंदच होत्या. तालुक्यातल्या पोरांना ना प्रार्थना मिळाली, ना रांग, ना फोन लागला का म्हणून विचारणाऱ्या बाई. घराघरांत मोबाइलवर तेच ते व्हिडिओ फिरत राहिले.

आता जुलैत रेड अलर्ट आला की शाळांना सुट्टी जाहीर होते आणि तो मेसेज रात्रीच पालकांच्या ग्रुपवर पडतो. माझा भाचा तो वाचून सोफ्यावर उड्या मारतो. बहीण त्याला दटावते, ‘सुट्टी कशाची आहे, कळतं का?’ त्याला कळतं. तरी तो उड्या मारतो, आणि मी मामा म्हणून त्याचीच बाजू घेतो.