तिसऱ्या कॉर्डनंतरचे शास्त्र

गिटार शिकू लागलेल्या विद्यार्थ्याने संगीतशास्त्राला केव्हा हात घालावा, या प्रश्नावर आपल्याकडे दोन पक्ष पडलेले असून दोहोंची ठाणी इतकी पक्की आहेत की, मधल्या भूमीवर उभे राहू पाहणाऱ्यास दोन्हीकडचा मारा सोसावा लागतो. एका पक्षाचे म्हणणे असे की, विद्यार्थ्याच्या हाती वाद्य दिले, चार कॉर्ड्स दाखवल्या, त्याच्या आवडीचे एखादे चित्रपटगीत बसवून दिले, म्हणजे शिक्षकाचे कर्तव्य संपले. शास्त्राचे काम तूर्त तहकूब ठेवावे, आणि दोन-तीन वर्षांनी ज्याची हौस शिल्लक असेल त्याने ते खुशाल पाहावे. दुसऱ्या पक्षाला हे ऐकूनच कापरे भरते. पंचरेषांची स्वरलिपी वाचता येत नाही, स्केल्सची कोष्टके मुखोद्गत नाहीत, अशा मुलाने तारेला बोट लावणे त्याला जवळजवळ अधर्म वाटतो. माझे मत या दोहोंहून वेगळे आहे, आणि ते मोघम राहू नये म्हणून आरंभीच मुदतीसह सांगून टाकतो: विद्यार्थ्याच्या हाताला तिसरी कॉर्ड ज्या आठवड्यात बसते, त्याच आठवड्यात शास्त्राला प्रारंभ व्हावा, त्याआधी नको, आणि त्यानंतर तर मुळीच नको.

पहिल्या पक्षाचे आवडते शस्त्र म्हणजे थोरांचे दाखले. अमेरिकेतील जॅझवादक वेस मॉन्टगोमेरी यांना स्वरलिपी वाचता येत नव्हती, जिप्सी वादक जँगो राइनहार्ट याने पुस्तकी शास्त्राचे तोंड पाहिले नव्हते, आणि ज्या बीटल्सनी साऱ्या जगाला वेड लावले त्यांनाही पंचरेषांवरची टिंबे ओळखता येत नव्हती. मग आमच्या बंडूनेच ही यातायात कशासाठी करावी, असा हा युक्तिवाद असतो. तो ऐकायला गोड आहे खरा, पण दाखल्यांची रुजुवात घेऊ लागले की तेच साक्षीदार उलट बाजूने बोलू लागतात. मॉन्टगोमेरी यांनी चार्ली ख्रिश्चनच्या ध्वनिमुद्रिकांवरील आलापी स्वरन्‌स्वर कानाने उचलली, आणि पुढे एकच स्वर दोन सप्तकांत एकाच वेळी छेडत संपूर्ण गत वाजवण्याची जी रीत त्यांच्या नावावर रूढ झाली, ती रीत कोणता स्वर कोणत्या तारेवर कोठे कोठे वसतो हे अंधारातही ठाऊक असल्यावाचून एक क्षणभरही चालू शकत नाही. राइनहार्टची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९२८ साली त्याच्या गाडीघराला आग लागून डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली, आणि त्यामुळे पुस्तकात छापलेल्या कॉर्ड्सच्या ठेवणी त्याला कायमच्या वर्ज्य झाल्या. म्हणजे कॉर्डमधला कोणता स्वर ठेवला असता तिचे रूप टिकते आणि कोणता गाळला तरी चालतो, याचा निवाडा त्याला प्रत्येक वेळी स्वतःच करावा लागला. हा निवाडा म्हणजेच शास्त्र. ते त्याने ग्रंथात वाचले नाही एवढेच.

राहता राहिली लिव्हरपूलची ही बीटल्स मंडळी. पॉल मॅकार्टनी यांनी अनेकदा सांगितलेली हकिकत प्रसिद्धच आहे: ई आणि ए या दोन कॉर्ड्स त्यांना येत होत्या, बी सेव्हन येत नव्हती, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या कोणा गृहस्थास ती येते असे कळताच ही पोरे बसमध्ये बसून ती शिकायला गेली. शास्त्र न शिकताही कसे भागते याचा नमुना म्हणून ही हकिकत सांगितली जाते; परंतु तिच्यातला मुद्द्याचा भाग सांगणाऱ्याच्या ध्यानातच येत नाही. ई हा षड्ज धरला तर ए हा त्याचा मध्यम आणि बी हा पंचम. या मुलांना सापडत नव्हती ती नेमकी पंचमावरची कॉर्ड होती, आणि ती आपल्यापाशी नाही हे त्यांना जाणवत होते. काय उणे आहे हे कानाला कळलेले, नाव मात्र ठाऊक नाही, अशी जी अवस्था, तीच शास्त्राला प्रारंभ करण्याची घटिका होय. आणि ती दोन-तीन वर्षांनी नव्हे, तिसऱ्या कॉर्डपाशीच येते, याला यापरते प्रमाण कोणते हवे?

शिवाय स्वरलिपी न येणे आणि शास्त्र न येणे या दोन गोष्टी या पक्षाने बेमालूम एक करून टाकल्या आहेत. आपल्याकडे कित्येक गवयांना एक ओळही लिहिता येत नसे. पण रागात कोणता स्वर वादी आणि कोणता वर्ज्य, हे त्यांना शिकवायला जाण्याची कोणाची छाती झाली असती?

गिटारच्या बाबतीत ही टाळाटाळ विशेष घातक ठरते, याचे कारण त्या वाद्याच्या घडणीतच आहे. पेटीवर वा पियानोवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची रचनाच अर्धे शास्त्र डोळ्यांपुढे मांडून ठेवते. गिटार ते लपवते. तिचे सगळे पडदे, ज्यांना आमचे वादक फ्रेट म्हणतात, दिसायला एकसारखे. शुद्ध-कोमलाचा भेद त्यांवरून कळत नाही. आणि बोटांची ठेवण एकदा पाठ झाली की त्या ठेवणीत कोणते स्वर वाजत आहेत याचा पत्ता नसतानाही कॉर्ड निर्दोष उमटते. म्हणून या वाद्यावर अज्ञान फार दिवस सुखाने नांदू शकते. हे दुखणे आजचे नव्हे. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत गिटारच्या साथीचे वेड पसरले, तेव्हा मॉन्तेसार्दो या संगीतकाराने १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये छापलेल्या पुस्तकात बोटांच्या एकेका ठेवणीस एकेक अक्षर नेमून दिले. त्या अक्षरांचा स्वरांच्या नावांशी काडीचाही संबंध नव्हता. ए म्हणजे आज ज्याला आपण जी मेजर म्हणतो ती, बी म्हणजे सी मेजर, आणि सी म्हणजे डी मेजर. आजचा शिकाऊ विद्यार्थी ज्या जी, सी, डी या त्रयीपासून आरंभ करतो, तीच त्रयी त्या वर्णमालेच्या अग्रभागी होती! पुढे १६७४ साली सारागोसा येथे गास्पार सान्स याने आपला गिटारविषयक ग्रंथ सिद्ध केला, त्यातही ही अक्षरे आहेत. पण तो तेथे थांबला नाही. खर्जाच्या ओळीवरून कॉर्ड कशी बांधावी याचे नियमही त्याच ग्रंथात घालण्याची दक्षता त्याने घेतली. आमच्या क्लासवाल्यांनी पहिला अर्धा तेवढा उचलला.

आता ती त्रयीच जरा जवळून पाहू. जी हा षड्ज धरून बिलावल थाटाचे, म्हणजे पाश्चात्त्यांच्या मेजर स्केलचे, सात स्वर घेतले, तर जी मेजर कॉर्डमध्ये सा-ग-प हे स्वर येतात, सी मेजरमध्ये म-ध-सा, आणि डी मेजरमध्ये प-नि-रे. तिन्ही मिळून सातही शुद्ध स्वर पुरे होतात, एकही बाहेर राहत नाही. त्या स्वरांत बांधलेली जवळजवळ कोणतीही सरळ चाल एवढ्या तीन कॉर्ड्सवर का निभावते, याचे सगळे गुपित येथे आहे. त्याहून सूक्ष्म गोष्ट पहिल्या तारेवर घडते. डी वाजवताना त्या तारेवरचे बोट दुसऱ्या पडद्यावर असते, तो स्वर निषाद; तेथून जी वर येताना त्याच तारेवर तिसरा पडदा दाबला जातो, तो षड्ज. निषादाला षड्जाची जी ओढ असते, ती येथे एका पडद्याच्या अंतरात, बोटाखाली, प्रत्यक्ष घडते, आणि गाणे घरी परतल्याची जी भावना श्रोत्याला होते तिचे मूळ त्या एवढ्याशा सरकण्यात आहे. हे सरकणे विद्यार्थी महिनाभर दररोज करीत आलेला असतो. कोणी त्याला सांगितलेले मात्र नसते. सांगायला पाच मिनिटे लागतात. अशा पाच मिनिटांनी भावना मरते, रसहानी होते, असे जे म्हणतात, त्यांच्या भावनेचा जीव तरी केवढा असला पाहिजे!

दुसऱ्या पक्षाकडे वळताना माझा स्वर थोडा मवाळ होतो, कारण त्याची निष्ठा खरी आहे. चुकतो तो क्रमात. त्याचा दाखला गोव्याचा. पोर्तुगीज अमलात तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना आधी सोल्फेजो शिकवीत, मगच हाती व्हायोलिन देत, आणि त्या शिस्तीतून अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांसारखी माणसे मुंबईस येऊन हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा झाली, ही गोष्ट कोणीही आदराने मान्य करील. परंतु सोल्फेजो म्हणजे व्याख्यांचे पाठांतर नव्हे. ती मुले दो-रे-मी गात असत, आणि तेच स्वर प्रार्थनेच्या वेळी त्यांच्या कंठातून निघत असत. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून सरगम आणि पलटे घोकून घेतात, त्याच जातीची ही तालीम आहे. शास्त्र तेथे आधी आले हे म्हणणे अर्धवट आहे. आधी आला तो गळा, आणि शास्त्र त्याच्या पाठोपाठ चालले. उलट, ज्याने पंचमावरच्या कॉर्डचा नाद अद्याप एकदाही ऐकलेला नाही, त्याच्याकडून पंचमांच्या वर्तुळातील बारा नावे घोकून घेणे याने हाती काय पडते?

स्वरलिपी वाचनाविषयी गिटारची एक खास अडचण आहे, तिची दखल हा पक्ष कधी घेत नाही. पियानोवर एका टिंबाला एकच पट्टी. गिटारच्या पहिल्या मोकळ्या तारेचा ई घ्या: तोच स्वर, त्याच सप्तकात, दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर सापडतो, तिसरीवर नवव्या, चौथीवर चौदाव्या, आणि पडदे पुरेसे असतील तर पाचवीवर एकोणिसाव्या. यांपैकी कोणते ठिकाण निवडायचे हे पुढचे स्वर आणि बोटांची सोय पाहून ठरते, म्हणजे हाताला अनुभव असल्यावाचून ठरतच नाही. स्वतः गिटार वाजवणाऱ्या बर्लिओझनेही आपल्या वाद्यरचनेवरील ग्रंथात नमूद केले आहे की, हे वाद्य ज्याला वाजवता येत नाही त्याला त्यासाठी नीट लिहिताही येत नाही. अभिजात गिटारचा मार्ग धरणाऱ्याने लिपी लवकर शिकावी, त्याचे भांडारच लिपीत आहे. पण गाण्याला साथ करू पाहणाऱ्या मुलावर पहिल्याच महिन्यात तिची सक्ती करण्यास माझी हरकत आहे.

तहकुबीचा मार्ग शेवटी कोठे पोहोचतो तेही पाहण्यासारखे आहे. लंडनच्या असोसिएटेड बोर्डाचा नियम असा की, सहाव्या श्रेणीच्या वादनपरीक्षेस बसण्यापूर्वी पाचव्या श्रेणीची शास्त्रपरीक्षा किंवा तिच्या तोडीची दुसरी परीक्षा उत्तीर्ण झालेली असावी. नियम वाजवी आहे. पण पाच श्रेणी होईतो शास्त्राकडे ढुंकूनही न पाहता मग एकदम उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याचा फडशा पाडावयाचा, अशी आमच्या शहरांतील पालकांची रीत पडली आहे, आणि अशा रीतीने मिळवलेले प्रमाणपत्र भिंतीवर लागते, गिटारपर्यंत ते पोहोचत नाही.

मग तिसऱ्या कॉर्डनंतर शिकवावे तरी काय? थोडेच, पण तारेवर. दुसऱ्या तारेवर पहिल्या पडद्यापासून सी हा षड्ज धरून चढत जावे: पहिला, तिसरा, पाचवा, सहावा, आठवा, दहावा, बारावा आणि तेरावा पडदा. गंधार-मध्यम आणि निषाद-षड्ज यांच्यामध्ये एकही पडदा मोकळा राहत नाही, इतरत्र एकेक राहतो, हे मुलाला बोटानेच कळते. ज्याने लहानपणी पेटीवर सा-रे-ग-म म्हटले आहे त्या मराठी मुलाला तर हे ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. नंतर खालच्या दोन जाड तारांवरील स्वरांची नावे. बार कॉर्ड आली की या नावांवाचून गत्यंतरच नसते, कारण ईची ती एकच ठेवण तिसऱ्या पडद्यावर जी होते, आठव्यावर सी आणि दहाव्यावर डी. मग वर सांगितलेला त्रयीचा उलगडा, आणि त्याला जोडून कॅपोचा, म्हणजे सगळ्या तारा एका पडद्यावर दाबून धरणाऱ्या चिमट्याचा, हिशेब. गणेशोत्सवात पेटीवाले काका ‘काळी एक धर’ म्हणतात आणि गिटारवाला पोरगा गोंधळून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहतो, हे दृश्य मंडपोमंडपी दिसते. पहिल्या पडद्यावर कॅपो लावून सीच्या ठेवणी वाजवल्या की काळी एक झाली, एवढे त्याला कोणी सांगितलेले नसते. पहिल्या सहा महिन्यांना हा ऐवज भरपूर आहे. मोड्स आणि जॅझच्या विस्तारित कॉर्ड्स यांना तूर्त दारातच थांबवावे. त्यांचा अट्टहास धरणारे बहुधा शिष्यापेक्षा स्वतःलाच शिकवीत असतात.

‘मुले कंटाळतील, क्लास सोडून जातील’ ही शिक्षकांची तक्रार मी खोटी म्हणत नाही. फी भरणाऱ्या पालकाला स्नेहसंमेलनात वाजवता येईल असे गाणे हवे असते, हेही मला कळते. पण तासातली दहा मिनिटे ही काही मोठी खंडणी नव्हे, आणि ती गाण्यातूनच वसूल करता येतात: गाणे तेच ठेवावे, फक्त ते दुसऱ्या पट्टीत नेऊन वाजवायला सांगावे.

ज्यांची तिसरी कॉर्ड दहा वर्षांपूर्वीच होऊन गेली आणि जे अजून ठेवणींवरच गुजराण करीत आहेत, अशा प्रौढ वादकांना ही मुदत टळून गेली असे मात्र मी म्हणणार नाही. त्यांच्या हाताशी आणि कानाशी मालमसाला मुलांहून कितीतरी अधिक असतो. फक्त त्यांनी स्केल्सचे जाड पुस्तक विकत आणून पहिल्या पानापासून आरंभ करू नये, कारण तिसऱ्या-चौथ्या पानावर ते पुस्तक मिटते. त्यांनी आपल्याला पूर्ण येणारे एखादे गाणे घ्यावे, त्यात डीवरून जीवर येण्याची जागा शोधावी, आणि पहिल्या तारेवरचे बोट तेथे काय करते ते एकदा सावकाश पाहावे.