राजवाडा कोणी जाळला?

इंदूरच्या राजवाड्यास आजवर तीन वेळा आग लागली, १८०१, १९०८ आणि १९८४ साली, असे पाहुण्यांस सांगण्याचा प्रघात आहे. यांतील ‘लागली’ या क्रियापदास आमची हरकत आहे. साक्षीदाराच्या जबानीत कर्ता गळाला की वकिलाने कान टवकारावेत. कोणास तरी पाठीशी घालण्याचा तो जुना मार्ग होय. १८०१ ची आग लागली नव्हती, लावली होती. लावणारी फौज दौलतराव शिंद्यांची, आणि तिचे पुढारपण त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांच्याकडे होते.

तुकोजीराव होळकर १७९७ च्या ऑगस्टात पुण्यास वारले. त्यांच्या पुत्रांतील वारशाच्या तंट्यात शिंद्यांनी काशीरावांची बाजू घेतली, आणि पुढल्याच महिन्यात शिंद्यांच्या सैन्याने दुसरे पुत्र मल्हारराव यांस पुण्यापाशी ठार केले. १८०१ च्या एप्रिलात दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरांस हत्तीच्या पायी दिले. जुलैत त्यांचे बंधू यशवंतराव यांनी उज्जयिनीजवळ शिंद्यांच्या पलटणींचा फडशा पाडला आणि शिंद्यांच्या त्या राजधानीवर जबर खंडणी बसविली. ऑक्टोबरात सर्जेराव व सदरलंड यांनी इंदुरापाशी यशवंतरावांचा मोड केला, आणि उज्जयिनीचे उट्टे इंदुरावर निघाले. शहर लुटले, राजवाडा जाळला. अहिल्याबाई निवर्तून अवघी सहा वर्षे झाली होती.

या दोन शहरांत अंतर ५५ किलोमीटर. दोहोंकडे दप्तर मोडीत. एका पक्षाचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, दुसऱ्याचे रत्नागिरी डोंगरावरचा जोतिबा. पानिपतावर दोन्ही घराणी एकाच छावणीत होती. वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही बखरी आहेत, कैफियती आहेत, वंशज आहेत. ज्याचे दुकान फोडले तो मात्र या दाव्यात पक्षकारच नाही, आणि स्थानिक इतिहास म्हणून जे लिहिले जाते त्यात त्याला साक्षीदार म्हणूनही कोणी पुकारीत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे, की घरचे भांडण चव्हाट्यावर कशाला आणावे. खरा शत्रू इंग्रज. इंग्रजास आम्ही निर्दोष ठरवीत नाही. परंतु तारखा पाहाव्यात. यशवंतरावांनी हडपसरावर पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेस हरविले ते २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, आणि पळालेल्या बाजीरावाने वसईचा तह केला तो ३१ डिसेंबरला. सदुसष्ट दिवसांत मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर संपले. दार आम्ही आतून उघडले होते. पुण्याची दशा तर विलक्षणच. १७९८ मध्ये सर्जेरावांनी शिंद्यांच्या खर्चासाठी तेथील सावकारांचे हाल करून पैसा काढला. १८०२-०३ मध्ये तेच शहर होळकरांनी नागविले. एकाच तिजोरीवर दोन वसुल्या. यशवंतराव पुढे १८०४ मध्ये इंग्रजांशी शौर्याने लढले हे खरे, त्याचा अभिमान आम्हांसही आहे. पण त्या शौर्याने उज्जयिनीकरांची खंडणी परत झाली नाही.

आता आपल्याच अंगणात येऊ. गोमंतक व कोकणातून उत्तरेत गेलेल्या शेणवी मुत्सद्द्यांच्या नामावळ्या आपल्या देवस्थानांच्या स्मरणिकांतून वारंवार छापल्या जातात. महाकालेश्वराच्या जीर्णोद्धाराचे श्रेय राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांस मिळते ते यथार्थच आहे. त्याच ओळीत लखबादादा लाड यांची तलवार येते. ती १७९३ च्या जूनमध्ये लाखेरीस कोणावर चालली? तुकोजी होळकरांच्या सैन्यावर. आणि महादजींच्या विधवांच्या पक्षाने हेच लखबादादा दौलतरावांविरुद्ध उठले, तेव्हा ती शिंद्यांच्याच पलटणींवर चालली. बायांचा पक्ष न्याय्य होता असे आम्हीही मानतो. तथापि त्या यादवीत आपण केवळ बघे होतो असा आव आपल्याला आणता येणार नाही.

काशीस विश्वनाथाचे मंदिर अहिल्याबाईंनी उभारले. त्याच्या शेजारी ज्ञानवापीचा मंडप १८२८ च्या सुमारास बायजाबाई शिंदे यांनी बांधला. उज्जयिनीचे गोपाळमंदिरही त्यांचेच. या बायजाबाई सर्जेराव घाटग्यांच्या कन्या. बापाने इंदूर जाळले, लेकीने इंदूरच्या पुण्यश्लोक राणीच्या देवळाशेजारी मंडप घातला; आणि आपले यात्रेकरू दोन्ही ठिकाणी हात जोडतात. हात जोडू नयेत असे कोण म्हणेल? बायजाबाईंचे औदार्य खरे होते. आमचा आक्षेप इतकाच, की दानाची नोंद नावानिशी ठेवणारा समाज लुटीची नोंद निनावी ठेवतो.

साधने नाहीत ही सबब टिकणारी नाही. वडोद्याच्या राजसेवेत राहून सरदेसायांनी रियासत लिहिली, वा. वा. ठाकुरांनी होळकरशाहीची साधने छापून काढली. ती वाचणाऱ्याने इंदूर आणि उज्जयिनीची एकत्र हकीकत लिहावी, पेठांच्या बाजूने लिहावी, आणि राजवाड्याच्या आगींची यादी करताना १८०१ या आकड्यापुढे सर्जेराव घाटगे, राहणार कागल, असे स्वच्छ मराठीत लिहावे.