विश्लेषण : ‘एमटॉर’ मंदावले की उंदीर जास्त जगतो, मग माणसाचे काय?

वय लांबवणाऱ्या गोळ्यांच्या चर्चेत ‘रॅपामायसिन’चे नाव सतत येते. प्रत्यारोपण केलेले मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे हे औषध परदेशात काही निरोगी माणसेही घेऊ लागली आहेत. त्यामागचा आधार आहे उंदरांवरील प्रयोगांचा आणि ‘एमटॉर’ या जनुकाचा.

एमटॉर करते काय?

या जनुकापासून त्याच नावाचे प्रथिन बनते. पेशीत अन्न किती आहे, याची खबर ते ठेवते. अमिनो आम्ले, ग्लुकोज, इन्सुलिन पुरेसे असले की एमटॉर पेशीला वाढण्याचा, नवी प्रथिने बनवण्याचा आदेश देते. उपासमार झाली की ते थंडावते. मग पेशी स्वतःचेच जुने, बिघडलेले भाग मोडून त्यांचा पुन्हा वापर करते. या प्रक्रियेला ‘स्वभक्षण’ म्हणतात. तिचा उलगडा करणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ मध्ये नोबेल मिळाले.

ताणाशी संबंध कसा?

डीएनएला इजा झाली किंवा प्राणवायू कमी पडला, तर वाढ थांबवून दुरुस्ती करणे पेशीच्या हिताचे असते. अशा वेळी ‘सेस्ट्रिन’ ही प्रथिने वाढतात आणि एमटॉरला लगाम घालतात. त्यांपैकी सेस्ट्रिन-२ हे दूध, अंडी, डाळींतून मिळणारे ल्युसिन हे अमिनो आम्लही ओळखते. ल्युसिन मिळाले की लगाम सैल होतो. म्हणजे ‘अन्न आहे का’ आणि ‘संकट आहे का’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी पोहोचतात.

उंदरांवरील प्रयोगांत काय दिसले?

अमेरिकेतील तीन प्रयोगशाळांनी ६०० दिवसांच्या, म्हणजे माणसाच्या साधारण साठीतल्या, उंदरांना रॅपामायसिन दिले. २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. ९० टक्के उंदीर मरण पावण्याचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी आणि नरांत ९ टक्क्यांनी वाढले होते. म्हातारपणी सुरू केलेले औषधही परिणाम करते, ही त्यातली नवलाची बाब होती.

या औषधाचा उगम चिलीच्या ईस्टर बेटावरील मातीतल्या जिवाणूत आहे. ते वेगळे काढण्याचे मोठे श्रेय भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ सुरेन सेहगल यांचे. कंपनीने १९८०च्या दशकात हे काम थांबवले, तेव्हा त्यांनी त्या जिवाणूचे नमुने घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. १९९९ मध्ये अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली.

मग अडचण कुठे आहे?

एमटॉर पूर्ण काढून टाकले, तर उंदराचा गर्भ सुरुवातीलाच दगावतो. २०१३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी मधला मार्ग तपासला. एमटॉरचे प्रमाण नेहमीच्या सुमारे २५ टक्क्यांवर आणलेले उंदीर २० टक्के जास्त जगले. उतारवयात त्यांची स्मरणशक्ती, तोल आणि स्नायूंची ताकद चांगली राहिली. मात्र हाडे अधिक झिजली आणि संसर्गही जास्त झाले. म्हणजे सगळे अवयव एकसारखे तरुण राहिले नाहीत. काहींना फायदा झाला, तर काहींना त्याची किंमत मोजावी लागली.

माणसांसाठी याचा अर्थ काय?

प्रयोगशाळेतला उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात, ठरावीक आहारावर जगतो. माणसाला रोज नवे जंतू भेटतात. रॅपामायसिन रोगप्रतिकारशक्ती दाबते. प्रत्यारोपणात त्याचा उपयोग होतो तो त्याचमुळे. तोंडात फोड येणे, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखर वाढणे हे त्याचे ज्ञात दुष्परिणाम आहेत. दीर्घायुष्यासाठी स्वतःवर प्रयोग करणारे अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनीही अशाच तक्रारींमुळे २०२४ मध्ये हे औषध थांबवले.

निरोगी माणसाचे आयुष्य त्याने वाढते, याचा पुरावा अद्याप नाही. साठीनंतर हाडे ठिसूळ होतात आणि साधा न्यूमोनियाही जिवावर बेततो. एमटॉर कमी केलेल्या उंदरांत नेमक्या याच दोन बाजू कमकुवत ठरल्या. त्यामुळे समाजमाध्यमांवरील सल्ला वाचून ही गोळी घेणे म्हणजे हाती न आलेल्या वर्षांसाठी आजची प्रकृती पणाला लावणे होय.