तिशीचे पाच गुण

बहिणीनं परवा मुलाला व्हिडिओ कॉलवरूनच ओवाळलं. इकडे दिवेलागण, तिकडे ब्रॅम्प्टनला सकाळ. भाचा जॅकेट चढवता चढवता म्हणाला, "आई, आज पाच पॉइंट गेले गं."

कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या, गुणपद्धतीत अविवाहिताला विशीत वयाचे ११० गुण मिळतात. तीस पूर्ण झाली की १०५. मग दरवर्षी झडत झडत पंचेचाळिशीला शून्य. वाढदिवसाला घट होते, ती अशी.

१३ फेब्रुवारी २०२१ ला, करोनात बाहेरून माणसं येईनात म्हणून, तिथेच काम करणाऱ्यांसाठी कटऑफ थेट ७५ वर आणला आणि २७,३३२ जणांना एका दिवसात बोलावणं गेलं. ती बातमी वाचून पुण्यातली नोकरी सोडून तिकडे शिकायला जायचं भाच्याच्या मनानं घेतलं. २०२५ मध्ये त्याच गटाचा कटऑफ ५१० च्या खाली उतरला नाही. याचे होते ५०२. मालक रीतसर कागद करायला तयार होता, त्याचे ५० मिळाले असते. पण २५ मार्च २०२५ पासून नोकरीचे गुणच रद्द झाले. कारण खोटं नाही. नोकरीच्या कागदांचा बाजार मांडला गेला होता, आणि गिऱ्हाइकांत आपलीही मुलं होती. घरं पुरत नाहीत म्हणून २०२५ चं पाच लाख पीआरचं उद्दिष्टही ३,९५,००० वर आलं.

दार त्यांचं, कडीही त्यांची. पण ज्याच्याकडून कितीतरी पट फी घेऊन ओसरीवर बसवलं, त्याला पान वाढता वाढता पंगत बदलल्याचं सांगायचं, हे मला तरी पटत नाही. त्यात पदवीनंतरचं वर्क परमिट फार तर तीन वर्षांचं.

आता तो फ्रेंच शिकतोय. मार्च २०२५ मध्ये फ्रेंचवाल्यांचा कटऑफ ३७९ होता! आठवीत शाळेनं विचारलं होतं, फ्रेंच की संस्कृत? 'स्कोअरिंग' म्हणून आम्हीच त्याला संस्कृत घ्यायला लावलं. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव पडले, पेढे वाटले. आता रात्रपाळीहून आल्यावर तो फ्रेंच क्रियापदं 'रामः रामौ रामाः'च्या चालीवर घोकतो.

"लग्न केलं तर गुण वाढतील का रे?" बहिणीनं विचारलं. बायकोचं शिक्षण आणि भाषा पक्की नसेल तर उलट कमीच होतात, असं त्यानं सांगितलं. तिनं विवाहमंडळाच्या फॉर्मवर 'अपेक्षा' या रकान्यात लिहून टाकलंय : फ्रेंच येत असल्यास प्राधान्य.