आपसी बदली

आमच्या बँकेत ‘आपसी बदली’ नावाचा एक प्रकार आहे. मला सांगलीला जायचंय, सांगलीतल्या कुणाला तरी बेंगळुरूला यायचंय. दोघांनी अर्ज करायचे, साहेबांनी मान डोलवायची. बारा वर्षं मी हेब्बाळला आहे. माझा अर्ज जोडीदाराअभावी पडून आहे, स्थळ न मिळणाऱ्या मुलासारखा.

त्यामुळेच असेल, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या बातम्या मी धावफलकापेक्षा चवीने वाचतो. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर संध्याकाळी वाचायला वेळही भरपूर मिळतो.

माझी सगळ्यांत लाडकी अदलाबदल २००९ ची. त्याआधीच्या वर्षी आयपीएलचा पहिला लिलाव झाला, त्यात आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान साडेचार लाख डॉलरला बेंगळुरूकडे आला आणि कोडगूत जन्मलेला, कर्नाटकाकडून खेळणारा रॉबिन उथप्पा आठ लाखांना मुंबईकडे गेला. प्रशिक्षक सुधीर नाईकांच्या नजरेखाली मुंबईत घडलेला गोलंदाज कब्बन पार्कशेजारी, आणि इथला मुलगा वानखेडेवर! त्या वर्षी बेंगळुरू आठ संघांत सातवं आलं. पुढच्या हंगामाआधी दोन्ही संघांनी सरळ मांडवली केली: तुमचा तुम्हाला, आमचा आम्हाला.

माझ्या आजीच्या काळात याला साटंलोटं म्हणत. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या. फरक एवढाच की साट्यालोट्यात दोघी सासरी जातात, इथे दोघेही माहेरी आले. आले खरे, पण त्या वर्षी लोकसभेची निवडणूक होती, आणि अख्खं आयपीएल उचलून दक्षिण आफ्रिकेला नेलं. माहेरी यावं आणि दाराला कुलूप असावं, तशी गत! बेंगळुरू अंतिम सामन्यापर्यंत गेलं आणि जोहान्सबर्गला डेक्कन चार्जर्सकडून सहा धावांनी हरलं.

२०११ च्या लिलावात झहीर पुन्हा बेंगळुरूला आला आणि उथप्पा एकवीस लाख डॉलरला पुण्याच्या संघात गेला. म्हणजे परत साटंलोटं, या खेपेला कुणी न ठरवता. उथप्पाचं सोनं झालं ते पुढे कोलकात्यात. २०१४ साली त्याने ६६० धावा करून ऑरेंज कॅप मिळवली, आणि कोलकात्याने त्या वर्षीचा करंडक उचलला तो बेंगळुरूच्या चिन्नस्वामी स्टेडियमवर. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे सर हा विषय निघाला की चहा बाजूला ठेवतात. “नम्म हुडुग, नम्म ग्राउंड” (आपला मुलगा, आपलं मैदान), म्हणतात, आणि पुढचं वाक्य हातानेच पुरं करतात. २०२५ मध्ये बेंगळुरू अखेर जिंकलं, तेही नेमक्या सहा धावांनी, तरी त्यांची ती जुनी सल गेलेली नाही.

न्यू जर्सीतला माझा भाचा या सगळ्याला पोरखेळ म्हणतो. त्याच्या बेसबॉलमध्ये हा धंदा शंभर वर्षांहून जुना. बेब रूथला बॉस्टनने न्यूयॉर्कला विकलं, हे क्रिकेटवाल्यांनाही ऐकून माहीत असतं. मला त्याने सांगितलेली हॅरी चिटीची गोष्ट जास्त आवडते. १९६२ साली क्लीव्हलँडने हा कॅचर न्यूयॉर्क मेट्सला दिला. बदल्यात कोण द्यायचं ते मेट्सने नंतर कळवायचं, असं ठरलं. मेट्सने त्याला पंधरा सामने खेळवून पाहिलं आणि मग नाव कळवलं: हॅरी चिटी. स्वतःच्याच साट्यात परत आलेला हा बहुधा पहिला माणूस.

इथवर हसू येतं. कर्ट फ्लडपाशी येत नाही. सेंट लुईस कार्डिनल्सकडून तो बारा हंगाम खेळला. चेंडू अडवण्यात असा तयार की सात वेळा त्याला गोल्ड ग्लव्ह मिळाला. ऑक्टोबर १९६९ मध्ये संघाने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो म्हणाला, मी जात नाही. बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना त्याने पत्र लिहिलं, त्याचा मतलब असा की मी काही विकायची-घ्यायची वस्तू नाही. १९७० चा हंगाम तो खेळलाच नाही. त्याने भरलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. तोवर खेळही संपला होता. लगेच १९७३ मध्ये नियम झाला: दहा वर्षं लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय दुसरीकडे देता येणार नाही. फ्लडने तर एकाच संघात बारा काढली होती.

आजीची धाकटी बहीण साट्यालोट्यात दिलेली. तिला विचारलं होतं का, असं मी एकदा आजीला विचारलं. “त्यात विचारायचं काय?” आजी म्हणाली, आणि पुढे तांदूळ निवडत राहिली.

आयपीएलमध्ये खेळाडूला विचारावं लागतं, हे बरं आहे. प्रेक्षकांना मात्र अजून कुणी विचारत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत परतला, कॅमेरून ग्रीन साडेसतरा कोटींना मुंबईहून इकडे आला, कागदोपत्री सगळे राजी होते. पुढच्या हंगामात वानखेडेने आपल्याच कर्णधाराची, म्हणजे हार्दिकची, हुर्यो उडवली. मला ती वागणूक मुळीच आवडली नाही, पण सासूला न विचारता सूनबाईला घरात आणलं की पहिले काही महिने असेच जातात.

तर, सांगली-मिरजेकडे आमच्या बँकेत कुणी बेंगळुरूकर घरच्या ओढीने तळमळत असेल, तर त्याने जरूर कळवावं. हेब्बाळला एक खुर्ची आहे, घराच्या गच्चीवरून तलाव दिसतो. उड्डाणपुलाचं आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको. आणि हो, फार घाई नाही.