वाचवणारा आणि पहारा देणारा

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडाने आपले तटरक्षक दल मासेमारी व सागर खात्यातून काढून राष्ट्रीय संरक्षण खात्याकडे दिले. हे दल नागरी आहे. त्याचे कर्मचारी सैनिक नाहीत, जहाजांवर तोफा नाहीत. बर्फ फोडून जहाजांना वाट करून देणे, बुडणाऱ्यांना वाचवणे, तेलगळती आवरणे ही त्याची नेहमीची कामे. ती तशीच चालू राहतील, असे तिथले सरकार म्हणते. पण खाते बदलले की नजरही बदलते का?

कोरीटसारख्या समुद्रापासून दूर असलेल्या गावात बसून याची चिंता कशाला, असे कुणी विचारेल. कारण साधे आहे. आपल्या देशाला या प्रश्नाचा जवळजवळ पन्नास वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यातला बराचसा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा आहे.

साठ-सत्तरच्या दशकांत पश्चिम किनाऱ्यावर सोन्याची तस्करी फोफावली होती. कस्टमकडे पुरेशी साधने नव्हती आणि तस्करांमागे धावणे हे नौदलाचे काम नव्हते. १९७४ मध्ये के. एफ. रुस्तमजी यांची समिती नेमली गेली. रुस्तमजी मूळचे नागपूरजवळच्या कामठीचे. १ फेब्रुवारी १९७७ ला तटरक्षक दल उभे राहिले आणि १९७८ मध्ये त्याचा कायदा झाला. दल संरक्षण मंत्रालयाकडे गेले, पण नौदलात विरघळले नाही. त्याचा कायदा वेगळा, महासंचालक वेगळा. संकटात सापडलेल्या मच्छीमारांना मदत करणे, समुद्राचे प्रदूषण रोखणे, कस्टमला साहाय्य करणे ही कर्तव्ये त्या कायद्यातच लिहिलेली आहेत.

ही व्यवस्था मला योग्य वाटते. संरक्षण खात्यामुळे जहाजे, विमाने, शिस्त मिळते. मे २०२५ मध्ये केरळजवळ एमएससी एल्सा-३ हे मालवाहू जहाज बुडाले, तेव्हा तटरक्षक दल आणि नौदलाने मिळून त्यावरच्या चोवीसही जणांना वाचवले.

पण दुसरी बाजूही आहे. १९९३ च्या स्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले. २६/११ चे हल्लेखोर समुद्रातूनच आले. त्यानंतर ओळखपत्रे आली, बोटींचे रंग ठरले, समुद्रात तपासणी वाढली. हे गरजेचे होते, यात वाद नाही. मात्र भर समुद्रात बोट थांबवली जाते, तेव्हा ज्याच्या ओळखपत्रावर मुस्लिम नाव असते त्याच्या पोटात वेगळाच गोळा येतो. हे समजायला आकडेवारी लागत नाही.

अशा वेळी एक गोष्ट आठवावी. २६/११ चे पहिले बळी मच्छीमारच होते. पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवून हल्लेखोरांनी तिच्यावरच्या पाचही जणांना मारले. आणि मुंबईत ते उतरले तेव्हा त्यांना प्रथम पाहिले आणि हटकले तेही कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनीच. ज्याच्यावर संशय घेतला जातो, तोच किनाऱ्याचा पहिला पहारेकरी आहे. तो विश्वासाने बोलला, तरच पुढची सगळी यंत्रणा कामाची.

म्हणून खाते कोणते, यापेक्षा त्या खात्यात कशाचा हिशेब मागितला जातो, हे मला महत्त्वाचे वाटते. किती बोटी तपासल्या हे विचारले जात असेल, तर किती जीव वाचवले आणि हाक आल्यावर किती वेळात पोहोचलात, हेही तितक्याच कडकपणे विचारले पाहिजे. एक जीव वाचवण्याचे मोल कुरआनने किती मोठे मानले आहे, हे आपण जाणतो. आपल्या कायद्यानेही मच्छीमाराची मदत हे कर्तव्य मानले आहे.

समुद्रात अडचण आली तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. तो फिरवताना मच्छीमाराच्या मनात ‘आता मदत येईल’ हाच विचार यावा. ‘आता चौकशी होईल’ हा विचार आधी आला, तर दल कोणत्याही खात्यात असो, ते अर्धेच काम करते आहे.